मदत हवी आहे: एकच शेल स्क्रिप्ट उबुंटू, मॅक आणि अल्पाइनवर कशी चालवायची?

नमस्कार मंडळी,
टीमसाठी एक छोटी शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या कमांड्सची फाइल) आहे, कालचा लॉग झिप करते आणि कॉन्फिगमधला सर्व्हरचा पत्ता बदलते, एवढंच. सर्व्हर उबुंटू, निम्म्या लोकांकडे मॅकबुक आणि डॉकर इमेज (कंटेनरचा साचा) अल्पाइन नावाच्या छोट्या लिनक्सची. उबुंटूवर मस्त चालते, बाकी दोन्हीकडे अडकते.

मॅकवर सगळ्यात जास्त त्रास सेड मायनस आयचा, म्हणजे फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलणाऱ्या कमांडचा. तिथलं सेड बीएसडीचं (उबुंटूचं जीएनयूचं, एकाच टूलच्या दोन जाती), त्याला मायनस आयनंतर बॅकअपचं एक्स्टेंशन लागतंच, मग ते माझा पॅटर्नच एक्स्टेंशन समजतं आणि फाइलचं नाव कमांड म्हणून वाचतं, म्हणजे 'ॲप डॉट कॉन्फ' असेल तर पहिल्या 'ए'ला अपेंड समजून भलतीच एरर. रिकामे कोट दिले की मॅक खूश, पण उबुंटू बोंबलतो. शिवाय मॅकचं बॅश (स्क्रिप्ट चालवणारं शेल) अजून 3.2, म्हणजे 2006 चं व्हर्जन, असोसिएटिव्ह ॲरे (नावाने व्हॅल्यू ठेवायची यादी) 4.0 मध्ये आले त्यामुळे ते पण बंद. अल्पाइनमध्ये तर बॅशच नाही, बिझीबॉक्सचं (छोट्या टूल्सचा एकत्र संच) ॲश शेल आहे, आणि त्याच्या डेट कमांडला 'यस्टरडे' कळत नाही.

युनेम (सिस्टिमचं नाव सांगणारी कमांड) बघून जिथे तिथे इफ लावू की सगळ्यांना ब्रूने (मॅकवर टूल्स इन्स्टॉल करणारा प्रोग्राम) जीएनयू टूल्स टाकायला लावू? दुसरं मनाला पटत नाही, नवीन आलेल्या माणसाची स्क्रिप्ट काही इन्स्टॉल न करता चालायला हवी.

प्रतिसाद:
युनेमवर विसंबू नका. ब्रूची टूल्स पाथमध्ये पुढे असलेल्या मॅकवर युनेम डार्विनच (मॅकच्या सिस्टिमचं नाव) सांगणार पण डेट मात्र जीएनयूचं असणार. नाव नको, वागणूक तपासा: 'डेट मायनस डी ॲट शून्य' (सेकंदांच्या आकड्यावरून तारीख काढणं) चाललं तर तो फॉर्म वापरा, नाहीतर मॅकचा मायनस आर, आणि हे एका फंक्शनमध्ये ठेवा. कालची तारीख हवी तर आत्ताच्या सेकंदांतून (1970 पासून मोजलेल्या) 86400, म्हणजे एका दिवसाचे सेकंद, वजा करून हेच फंक्शन बोलवा. सेडला एक्स्टेंशन मायनस आयला चिकटवून द्या, मधे स्पेस नको, तिन्हीकडे चालतं, बॅकअप फाइल नंतर उडवा. ॲरे काढून साधं केस स्टेटमेंट लिहा, वर शीबँग (कोणतं शेल वापरायचं ते सांगणारी पहिली ओळ) बिन एसएचचं. उबुंटूत एसएच म्हणजे डॅश नावाचं साधं शेल, त्यामुळे डबल ब्रॅकेटसारखे बॅशचे लाड तिथेच पकडले जातात. आणि शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारं टूल) चालवाच.

धागाकर्ता:
खूप खूप आभार, मॅक आणि उबुंटू दोन्हीवर आता एकच फाइल चालतेय! अल्पाइनमध्ये एक राहिलं. टीझेड (टाइमझोनचं सेटिंग) एशिया कोलकाता दिलंय तरी रात्री बारा ते साडेपाचमध्ये जॉब चालला तर कालऐवजी परवाची तारीख येते.

प्रतिसाद:
म्हणजे कंटेनर यूटीसीवरच (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) चाललाय. अल्पाइनच्या बेस इमेजमध्ये टाइमझोनच्या फाइल्स नसतात, त्यामुळे टीझेड दिलं तरी त्याला कोलकाता सापडत नाही आणि एररही येत नाही. डॉकरफाइलमध्ये एपीके ॲड (अल्पाइनची इन्स्टॉल कमांड) करून टीझेडडेटा टाका आणि इमेज परत बिल्ड करा.