कल चाचणी, समुपदेशक आणि अकरावीचा फॉर्म : जाणकारांनी अनुभव लिहा

चिंचगूळ
माळा आवरताना कल चाचणीचा जुना कागद सापडला. २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळाच्या दहावीच्या मुलांना मिळायचा तोच. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य अशी सात क्षेत्रं. 'गणवेशधारी सेवा' आलं की घरोघरी "म्हणजे पोलिसात घालायचं का पोराला?" असा गोंधळ.
आता पैसे भरून अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आणि समुपदेशन मिळतं. मुलाला आणि आईबापाला त्याचा नक्की काय उपयोग, ते या कामात असलेल्यांनी लिहा. जाहिरात नको.

पिंपळपान
आधी एक घोळ निस्तरू. कल म्हणजे काय आवडतं. अभिक्षमता (अ‍ॅप्टिट्यूड) म्हणजे काय लवकर जमेल. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या. कल चाचणीत बरोबर-चूक नसतं आणि मुलाला माहीतच पाच व्यवसाय असतील तर कलही त्या पाचांतच फिरतो. नुसत्या कलावर शाखा ठरवणं म्हणजे मेनूकार्ड न बघता ऑर्डर देणं.

अहवाल आला की बघा काय. समजा लिहिलंय: अवकाशीय (आकार मनात फिरवून बघणं) ८८, यांत्रिक ८२, शाब्दिक ३४. हे टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहेत. ८८ म्हणजे तुलनेच्या गटातल्या साधारण ८८ टक्के मुलांच्या वर. मग तुलनेचा गट कुठला, कुठल्या वयाचा, कुठल्या माध्यमाचा, हे विचारायचंच. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी चाचणी दिली की शाब्दिक पडतं, आणि शाब्दिक उदाहरणं असली तर गणितही पडतं. आकृत्यांचा तर्क वर आणि शब्द खाली असं दिसलं तर आधी भाषेवर संशय घ्या, डोक्यावर नको.

घाईत_आहे
कुकर लावलाय पटकन विचारते, टेस्ट कधी करायची? दहावीच्या निकालानंतर चालेल ना

पिंपळपान
चालेल, पण उशीर होतो. तेव्हा सगळीकडे गर्दी, वर फॉर्मची तारीख डोक्यावर. नववीची परीक्षा संपली की किंवा दहावीच्या दिवाळी सुट्टीत बरं. पूर्वपरीक्षेच्या आठवड्यात अजिबात नको. बऱ्याच उपचाचण्या घड्याळ लावून असतात, झोप नसलेलं पोर वेगात मार खातं आणि अहवालात ते 'क्षमता कमी' म्हणून छापून येतं.

राजाभाऊ_सोलापूर
आमच्या इकडं बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगतात. मशीनवर दहा बोटं ठेवायची, तीस पानी रंगीत रिपोर्ट.

पिंपळपान
राजाभाऊ, त्याला डीएमआयटी म्हणतात. ठशांवरून बुद्धी किंवा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. ठसे जन्माआधीच ठरलेले असतात, मुलानं दहा वर्षं काय शिकलं ते त्यात येणार कुठून? रंगीत पानं मात्र छान असतात.

राजाभाऊ_सोलापूर
तेवढ्याच फीत पत्रिका पण बघतो म्हणाला 😄

शिरीषफूल
मी पालकांच्या बैठकीबद्दल लिहिते, कारण निम्मं काम तिथंच असतं. चांगला समुपदेशक आधी मुलाशी एकट्याशी बोलतो, मग आईवडिलांशी, मग तिघांशी. आई शेजारी बसली की मुलगा "हो, इंजिनिअरिंगच" म्हणतो आणि चपलेकडे बघतो.

एक साधी युक्ती: तिघांना तीन चिठ्ठ्या द्यायच्या. प्रत्येकानं न बोलता तीन क्षेत्रं पसंतीनं लिहायची. मग चिठ्ठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. पुष्कळदा मुलाचं आणि पालकांचं सोडा, आई आणि बाबांचंच जमत नाही! भांडण मुलाशी नाहीच, हे तिथं उघडं पडतं.

खर्चही त्याच बैठकीत मांडायचा. फी, वसतिगृह, किती वर्षं, पहिली कमाई कधी. मुलाला आकडे कळले तर बिघडत नाही, न सांगता मनातल्या मनात कर्ज मोजत बसलं तर बिघडतं.

नानी_डोंबिवली
अगदी. आणि शेजारच्या बंड्याचं उदाहरण देणाऱ्या मावशीला त्या खोलीत बंदी हवी.

फाईलवाला
माझा विषय फॉर्म. अहवाल घरी फ्रेम करून ठेवतात आणि विषय निवडताना घोळ घालतात. कुठला विषय सोडला की कुठलं दार बंद, ते आधी कागदावर लिहा.

गणित सोडलं : इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं, एनडीएचं हवाईदल-नौदल गेलं. भूदल कुठल्याही शाखेतून.
जीवशास्त्र सोडलं : मेडिकलच्या नीट परीक्षेचा सरळ रस्ता गेला. फार्मसीला मात्र गणित किंवा जीवशास्त्र, दोन्ही वाटांनी जाता येतं, हे फार जणांना ठाऊक नसतं.
द्विलक्षी म्हणजे बायफोकल घेतलं (इलेक्ट्रॉनिक्स वगैरे, २०० गुण) : दुसरी भाषा आणि एक विषय जातो, बहुतेकदा जीवशास्त्रच. "आत्ता घेऊ, मग नीटही देऊ" हे सहसा जमत नाही.
वाणिज्यात गणित की एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती) : सीएला बारावीचं गणित सक्तीचं नाही, पण फाउंडेशनच्या चार पेपरांत एक गणित-सांख्यिकी-तर्काचा आहे आणि त्यात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन. भाग १ माहितीचा, भाग २ पसंतीक्रमाचा, जास्तीत जास्त दहा कॉलेजं. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून 'असंच टाकलं पहिलं' हा प्रकार नको.

तंत्रनिकेतन
दहावीनंतरच्या पदविकेचं नाव समुपदेशनात शेवटी निघतं, तेही पडेल आवाजात. यांत्रिक आणि अवकाशीय वर, पाठांतर खाली अशा मुलाला तीन वर्षांची पदविका चांगली बसते. पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला पदविकेच्या गुणांवर प्रवेश, सीईटी नाही. आयटीआय तर कोणी काढतच नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षं, वेल्डर एक.

अडचण कुठे येते तेही सांगतो. पदविकेत पहिल्या वर्षाचं गणित बऱ्यापैकी जड असतं, पुस्तकं बहुतेक इंग्रजी. दहावीला गणितात काठावर असेल तर सुट्टीत बीजगणित-त्रिकोणमिती पक्की करून घ्या, नाहीतर पहिल्याच सत्रात विषय राहतात.

घाईत_आहे
समुपदेशक बरा की वाईट हे ओळखायचं कसं? आमच्याकडे क्लासवाल्याचाच टेस्ट सेंटर आहे

शिरीषफूल
तिथंच ओळखलंत. अहवाल देताना त्याच हातानं प्रवेश अर्ज पुढे केला की उठायचं. फोनवर विचारा: चाचणी कुठली, मराठीत आहे का, अहवाल कोण समजावणार, त्यांचं शिक्षण मानसशास्त्रातलं आहे का, पालकांना वेगळा वेळ आहे का. "तुमच्या मुलानं अमुकच व्हावं" असं एकच उत्तर देणाऱ्यापेक्षा दोन-तीन वाटा आणि प्रत्येकीची अट सांगणारा बरा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, ठाण्यात आयपीएच (मानसिक आरोग्याची संस्था) हे काम करतात, बाकी ठिकाणी शाळेतल्या समुपदेशकाला विचारा.

राजाभाऊ_सोलापूर
आणि चाचणीत पोरगं ठरवून चुकीचं लिहील तर? आमचा पुतण्या पक्का आहे.

पिंपळपान
अभिक्षमतेत मुद्दाम वाढवता येत नाही, फक्त पाडता येतं. कल चाचणीत मात्र 'डॉक्टर' ऐकून आलेलं मूल सगळीकडे तेच टिकमार्क करतं. म्हणून घरी मोबाइलवर, आई पाठीशी उभी, असली चाचणी देऊ नये. निम्मी उत्तरं आईची असतात.

नानी_डोंबिवली
आईची कशाला, आजीची म्हणा. आमच्या इमारतीत आजीचा कल वाणिज्यात निघेल 😂

घाईत_आहे
जाताना काय न्यायचं ते लिहा कोणीतरी, शनिवारची वेळ मिळालीये

शिरीषफूल
आठवी ते दहावीच्या गुणपत्रिका, छंदाची प्रमाणपत्रं असली तर ती, चष्मा असेल तर चष्मा (विसरतात!), पाण्याची बाटली, डबा. दोन-अडीच तास सहज जातात. आणि घरून निघताना "नीट लिही हं" म्हणू नका.

घाईत_आहे
बरं. शिट्ट्या किती झाल्या तेच विसरले तुमच्यामुळे, डाळीचा लगदा झाला असणार

नानी_डोंबिवली
वरून फोडणी दे, कोण बघतंय.