फियाट की अँबॅसिडर : सीसीच्या पलीकडे

बी-३०४, कुलकर्णी : जाणकारांना एक विनंती. माझे मेहुणे १९८० च्या सुमाराची जुनी गाडी घेत असून प्रीमियर पद्मिनी (म्हणजेच फियाट) आणि अँबॅसिडर अशा दोन पेट्रोल गाड्या त्यांनी हेरून ठेवल्या आहेत. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आणि अँबॅसिडरचे १४८९ सीसीचे असल्यामुळे अँबॅसिडरच जोरकस, असे ते म्हणतात. हे बरोबर आहे का?

ए-१०२, साठेकाका : कुलकर्णी, नुसत्या सीसीवर जाऊ नका. पद्मिनीची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती आणि वजन नऊशे किलोच्या आसपास. अँबॅसिडरची ताकद सुमारे ५०, पण वजनही अकराशेच्या वर. भागाकार करून पाहिलात तर टनामागे दोघींच्या वाट्याला साधारण ४५ अश्वशक्तीच येते, त्यामुळे रिकाम्या गाडीच्या पिकअपमध्ये फारसे डावे-उजवे करता येत नाही. पाच माणसे आणि डिकीभर सामान असे साडेतीनशे किलो चढले, की मात्र हलक्या पद्मिनीला तो भार अधिक जाणवतो आणि खंडाळ्याच्या चढावर गिअर लवकर उतरवावा लागतो.

सी-५०१, देसाई : काकांशी आदरपूर्वक असहमत आहे. आमच्या कार्यालयाची अँबॅसिडर महामार्गावर भल्याभल्यांना मागे टाकत असे.

ए-१०२, साठेकाका : देसाईताई, ती बहुधा १९९२ नंतरची, इसुझू या जपानी कंपनीच्या इंजिनाची असणार. १८१७ सीसी, ७५ अश्वशक्ती आणि पाच गिअर असलेली ती गाडी वरून तशीच दिसत असली, तरी तिची तुलना या पद्मिनीशी करणे अन्यायाचे होईल. कुलकर्णींचा प्रश्न जुन्या इंजिनाचा आहे.

बी-३०४, कुलकर्णी : आणि चालवायला?

ए-१०२, साठेकाका : अँबॅसिडरचे स्टिअरिंग रॅक अँड पिनियनचे (दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाचे) आहे, म्हणजे रचनेत ती पद्मिनीच्या पुढे आहे, तरीही उभ्या गाडीत चाके वळवताना खांदे भरून येतात. पद्मिनी जवळजवळ चाळीस सेंटिमीटरने आखूड असल्यामुळे काळबादेवीसारख्या भागात ती सुखाने वळते. कुर्ल्यात तयार होणारी ही गाडी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी उगाच नाही उचलली. तिथले सुटे भाग आणि मेस्त्री हाताशी होते, हेही खरेच. ब्रेक मात्र दोघींचे चारही चाकांना ड्रमचेच, आणि ते सतत दाबून तापले की पकड कमी होते, तेव्हा घाट उतरताना गिअरमध्येच राहावे.

सी-५०१, देसाई : मागच्या सीटवर ऐसपैस बसायचे असेल, तर अँबॅसिडरला तोड नाही, एवढे तरी मान्य करा.

ए-१०२, साठेकाका : मान्य, आणि तेही विनाअट. कुटुंबासह लांब जायचे असेल तर अँबॅसिडर, शहरात एकट्याने हौस भागवायची असेल तर पद्मिनी, असे माझे मत आहे. पण कुलकर्णी, निर्णय आकड्यांवर नव्हे, तर पत्र्यावर घ्यावा लागेल. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही; बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून पायाखालचे मॅटिंग उचलून फ्लोअर आणि दारांखालच्या पट्ट्या स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेले, म्हणजे पत्रा गंजलेला निघाला, तर नवा रंग कितीही चकाकत असला तरी ती गाडी सोडून द्यावी.

बी-३०४, कुलकर्णी : रविवारी दोन्ही गाड्या पाहणार आहोत. काका, आपण येऊ शकाल का?

ए-१०२, साठेकाका : गॅरेजवाला गाड्या लिफ्टवर चढवून दाखवणार असेल, तर अवश्य येईन.