कृतिसंशोधनाचा विषय तिसऱ्यांदा परत आला. "वर्गात काय घडतं ते लिहून आणा" म्हणजे नेमकं काय?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं पाचवी-सहावीला गणित शिकवते आहे, आणि आता नोकरी सांभाळून एमएड करते आहे. या सत्राला कृतिसंशोधन आहे, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने स्वतः करायचं संशोधन. विषयाचा कागद घेऊन मार्गदर्शक सरांकडे तीनदा गेले आणि तिन्ही वेळा परत आले.

पहिला विषय होता "गणिताची आवड निर्माण करण्यासाठी कृतियुक्त अध्यापनाची परिणामकारकता". सरांनी "आवड" या शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, हे तुम्हाला दिसणार कशात? दुसऱ्या वेळी "अपूर्णांकाच्या संबोधातील अडचणी व उपाय" नेला. त्यावर शेरा आला, अडचणी कोणी पाहिल्या? तिसऱ्या वेळी मी नीट तयारी करून गेले होते. "अपूर्णांकांची तुलना करताना होणाऱ्या चुका कमी करण्यासाठी शैक्षणिक साहित्याचा वापर." पूर्वचाचणी, अपूर्णांक दाखवणाऱ्या पट्ट्यांचे दहा तास, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन सरासऱ्यांतला फरक योगायोगाचा आहे का ते तपासणारा आकडा), सगळा आराखडा जोडला होता. सरांनी वाचला, कागद उलटा केला आणि पाठीमागे एकच ओळ लिहिली: "वर्गात काय घडतं ते आधी लिहून आणा. विषय नंतर."

खरं सांगते, लागलं मनाला. नऊ वर्षं रोज वर्गात उभी आहे, मला माहीत नाही का काय घडतं ते? मुलं छेद बघून गोंधळतात, हे मी झोपेतही सांगेन. माझ्या बरोबरच्या सगळ्यांचे विषय मंजूर होऊन चाचण्याही छापून झाल्या. माझं दुसरं प्रकरण, संबंधित संशोधनाचा आढावा, बावीस अभ्यासांसकट लिहून तयार आहे आणि पहिल्याचाच पत्ता नाही.

एकच तुकडी आहे, ३८ मुलं. तुलनेसाठी उपाय न केलेला नियंत्रित गट मिळणार नाही. "लिहून आणा" म्हणजे निरीक्षण नोंदवही का? कोणत्या नमुन्यात? कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

जुनी वही:

ताई, सरांनी तुम्हाला नमुना मागितलेला नाही. फोन टेबलावर ठेवा, एका तासाचा आवाज रेकॉर्ड करा, त्यातली दहाच मिनिटं निवडा आणि शब्दन् शब्द उतरवून काढा. "मुलांनी उत्तरे दिली" असं लिहायचं नाही. कोणी काय म्हटलं, तुम्ही काय म्हटलंत, मध्ये किती थांबलात, तेवढंच.

मी अध्यापक विद्यार्थ्यांना शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते. आपण सगळे बीएडला फ्लँडर्सची आंतरक्रिया पद्धत पाठ करतो. तासात जे घडतं त्याचे दहा वर्ग, म्हणजे प्रकार; त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, दहावा शांतता किंवा गोंधळ. दर तीन सेकंदांनी एक आकडा मांडायचा. परीक्षेत तक्ता काढला की गुण मिळतात. पण स्वतःच्या तासावर ती लावून पाहिलेली माणसं मला फार थोडी भेटली. दहा मिनिटांचे दोनशे आकडे होतात. मी पहिल्यांदा माझ्याच तासाचे मांडले तेव्हा पानभर पाच, पाच, पाच, म्हणजे व्याख्यान, आणि मधूनच एक चार, म्हणजे माझा प्रश्न, आणि लगेच पुन्हा पाच. प्रश्न मी विचारला होता आणि उत्तरही मीच दिलं होतं. तो तास मला चर्चेचा तास म्हणून आठवत होता.

म्हणून "मला माहीत आहे" यावर एवढंच म्हणेन की आपल्याला वर्ग आठवतो तो आपल्या पाठटाचणासारखा आठवतो. त्यात भर म्हणजे आपण स्वतः विद्यार्थी असताना वर्षानुवर्षं बाकावर बसून शिक्षक पाहिलेले असतात. लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये याला निरीक्षणातून झालेली उमेदवारी, म्हणजे शिकाऊपण, म्हटलं आणि शाळा संपेपर्यंत ती तेरा हजार तासांच्या घरात जाते असा अंदाज मांडला. एवढ्या तासांत शिकवणं "असंच असतं" हे अंगात मुरतं, आणि मुरलेलं दिसत नाही. कागदावर उतरवलं की दिसायला लागतं.

दहा मिनिटं उतरवायला दोन-अडीच तास लागतील. ते कोणाकडून करून घेऊ नका, आणि आवाजावरून मजकूर करणाऱ्या ॲपकडूनही नको. ऐकून, थांबवून, पुन्हा ऐकून हाताने लिहिताना जे कळतं तेच तुम्हाला हवं आहे. मुलांची नावं घालू नका, वि-१, वि-२ असं लिहा. रेकॉर्डिंगची मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. मुलांनाही विचारा. नाही म्हणणाऱ्या मुलाचं बोलणं उतरवायचं नाही.

सरासरी:

संख्याशास्त्राच्या बाजूने एक मुद्दा. एकच गट आणि आधी-नंतर चाचणी असेल तर टी-मूल्य येईल, बहुधा सार्थकही (योगायोगाचं नाही असं) येईल, पण त्यावरून पट्ट्यांमुळे फरक पडला असं म्हणता येणार नाही. तेवढ्या दिवसांत मुलं तशीही शिकतात, आणि तीच चाचणी दुसऱ्यांदा सोडवताना हात बसलेला असतो. तुम्ही सर्वांत कमी गुणांची दहा मुलं निवडून त्यांच्यावर उपाय करणार असाल तर आणखी मोठा घोळ आहे. पहिल्या दिवशी ज्यांचा पेपर वाईट गेला त्यांच्यातल्या काहींचा तो त्या दिवसापुरताच वाईट गेलेला असतो. काहीही न करता दुसऱ्या चाचणीत त्यांची सरासरी वर सरकते. संशोधनाच्या रचनांवर लिहिणाऱ्या कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनी १९६३ मध्येच ही सगळी कारणं मांडून ठेवली आहेत, तरी प्रबंधांमधून ती रचना हटत नाही.

३८ मुलांची एक तुकडी ही कृतिसंशोधनात अडचण नाही. तुम्हाला सगळ्या सहावीबद्दल बोलायचंच नाहीये.

पाटीपेन्सिल:

नऊ दिवसांनी लिहिते आहे. परवानग्यांना चार दिवस गेले, उतरवायला दोन रात्री. जुनी वही मॅडम, दहा मिनिटांना तीन तास लागले. त्यातला एवढाच तुकडा इथे देते. कंसातले आकडे म्हणजे मी थांबले ते सेकंद.

शि: एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश. मोठा कोणता? (१)
वि-४: एक चतुर्थांश.
शि: नाही. छेद मोठा, तर अपूर्णांक...?
वर्ग: लहान!
शि: शाब्बास. मग मोठा कोणता?
वर्ग: एक तृतीयांश!
वि-११: पण बाई, ते कशाचे...
शि: आत्ताच सांगितलं ना. चला, पुढचं.

वि-११ ही मागच्या बाकावरची मुलगी आहे, वर्षभरात आपणहून चार वेळासुद्धा बोलली नसेल. ती बोलली हे मला आठवतच नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा शब्द लागले. "ते कशाचे" म्हणजे कशाचे तृतीयांश आणि कशाचे चतुर्थांश, हे तिला विचारायचं होतं. पूर्ण एकच असेल तरच ही तुलना होते, हा अख्ख्या धड्याचा गाभा आहे. तो तिच्या तोंडात आला होता आणि मी पुढच्या गणितावर गेले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर २/३ आणि ३/४ लिहिले आणि वहीत उत्तर मागितलं, खाली "कसं ठरवलं" ही एक ओळ. ३८ पैकी २४ जणांनी २/३ मोठा लिहिला. त्या २४ मधल्या एकोणीस जणांचं कारण जवळजवळ एकाच शब्दांत होतं: छेद मोठा तर अपूर्णांक लहान.

वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ठेवून बराच वेळ बसून राहिले. ही चूक मुलांनी घरून आणलेली नाही. अंश सारखे असतानाच चालणारा नियम मी नऊ वर्षं "अंश सारखे असताना" हे शब्द न उच्चारता वदवून घेते आहे. मुलं गोंधळलेली नाहीत. त्यांनी माझा नियम चोख लावला आहे. आणि माझ्या तिसऱ्या आराखड्यात मी "मुलांच्या चुकांवर" पट्ट्यांचा उपाय करणार होते. पट्ट्या वाटल्या असत्या, वर तोच नियम पुन्हा म्हणून घेतला असता.

आता विषय कसा मांडू? आणि मी सरासरी एक सेकंद थांबते, हे बघून फार वाईट वाटलं.

जुनी वही:

एक सेकंदाचं मनाला लावून घेऊ नका. मेरी बड रो या शिक्षण-संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत मोजलं तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तीन सेकंदांपर्यंत थांबले की मुलांची उत्तरं लांबली, आपणहून बोलणारी मुलं वाढली, "माहीत नाही" कमी झालं. आणि थांबण्याच्या जागा दोन असतात हे त्यांनीच दाखवलं. एक प्रश्नानंतर, दुसरी मुलाच्या उत्तरानंतर. तुमच्या तुकड्यात वि-४ च्या उत्तरानंतर जागाच नाही, थेट "नाही" आहे. तिथे "कसं ठरवलंस?" विचारून तीन सेकंद गप्प राहिला असतात तर काय आलं असतं? हाच तुमचा अभ्यास आहे.

असं मांडून बघा: "समान अंशांपुरता असलेला तुलनेचा नियम सहावीचे विद्यार्थी असमान अंशांना कशा प्रकारे लावतात, आणि उत्तरानंतर कारण विचारून थांबल्यास त्यांनी दिलेल्या कारणांत काय बदल होतो?" यात "परिणामकारकता" नाही आणि "आवड" नाही. दिसणारी गोष्ट एकच, मुलांनी बोललेली आणि लिहिलेली कारणं. चार तास घ्या, प्रत्येक तासातली दहा मिनिटं उतरवा आणि एका तासात जे दिसेल त्यावरून पुढच्या तासातला प्रश्न बदला. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधन मांडलं तेव्हा योजना, कृती, कृतीच्या परिणामांचा शोध आणि पुन्हा योजना असाच फेरा सांगितला होता. आपण तो फेरा सरळ रेषेत ताणून त्याला पूर्वचाचणी-उत्तरचाचणी करून टाकलं.

फ्लँडर्स लावणार असाल तर एक करा. त्याच्या दहाव्या वर्गात शांतता आणि गोंधळ एकत्र आहेत. तुमच्या अभ्यासात ते वेगळे मांडा. विचार करणाऱ्या मुलाची शांतता आणि बाकांची खडखड यांना एकच आकडा दिलात, तर जे शोधताय तेच हरवेल. असं का केलं ते दुसऱ्या प्रकरणात लिहा.

सरासरी:

२४ आणि १९ हे आकडे तसेच द्या, टक्के करू नका. ३८ मुलांत एका मुलाने उत्तर बदललं तरी अडीच टक्क्यांहून जास्त फरक दिसतो आणि वाचणारा फसतो. कारणांचे गट पाडाल तेव्हा वीसेक उत्तरं दुसऱ्या कोणाकडून तरी स्वतंत्रपणे लावून घ्या आणि जिथे जुळलं नाही ती उत्तरं परिशिष्टात ठेवा.

पाटीपेन्सिल:

काल सरांकडे उतरवलेली चार पानं घेऊन गेले, विषयाचा कागद वेगळा ठेवला होता. सरांनी आधी पानं वाचली. "ते कशाचे" या ओळीपाशी पेन्सिल थांबली, बाजूला उभी रेघ मारली. मग विषय मागितला आणि "असमान" शब्दाच्या जागी "भिन्न" करून सही केली.

बावीस अभ्यासांपैकी सहा राहिले. बाकीचे काढताना जीव थोडा तुटला, पण ते आवडीबद्दलचे होते.

आज पहिला तास घेतला. वि-११ ला तिचा प्रश्न पुन्हा विचारायला सांगितलं. तिला आठवत नव्हता. मी पानावरून वाचून दाखवला, "पण बाई, ते कशाचे", आणि थांबले. सात सेकंद झाले, रेकॉर्डिंगवर मोजले. मग ती उठली, लांब आणि आखूड अशा दोन पट्ट्या घेऊन पुढे आली आणि आखूड पट्टीचा तृतीयांश लांब पट्टीच्या चतुर्थांशाशेजारी धरला. तिच्या हातातला तृतीयांश लहान होता. वर्गात एकदम कालवा झाला. फ्लँडर्सच्या दहाव्या वर्गाचे दोन भाग करायला सांगितलंत ते बरं झालं, कारण याला तिसरा लागणार आहे. त्याला काय नाव देऊ?