मदत हवी आहे: मोहरीत उत्पन्न वाढलं की तेल घटतं, हा दोष वाणाचा की उन्हाचा?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एमएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पती पैदास. थेसिससाठी रब्बीत मोहरीचे 20 वाण 3 रेप्लिकेशनमध्ये (प्रत्येक वाण 3 वेगळ्या प्लॉटांत) लावले होते. काढणी झाली, आकडेही हातात आले, पण एका जागी अडकले आहे.

झाडावरच्या शेंगा आणि उत्पन्न यांचा सहसंबंध छान आला. त्यावर माझा विश्वास आहे, कारण दर प्लॉटमधली 5 झाडं वर्तमानपत्रावर पसरून मी स्वतः एकेक शेंग मोजली आहे, फुटून गेलेल्या शेंगांची टरफलं धरून. हजार दाण्यांचं वजन शेंगांच्या उलट जातंय, तेही पटतं. झाडाकडे अन्न तेवढंच. खाणारी तोंडं वाढली की दाणा बारीक राहणार.

घोडं अडलंय ते तेलापाशी. जास्त उत्पन्नाच्या वाणांत तेलाचे टक्के कमी दिसतात. पण नेमके हेच वाण उशिरा फुलले! लवकरच्या वाणांचा दाणा जानेवारीच्या थंडीत भरला, यांचा फेब्रुवारीअखेर, जेव्हा इथे दुपारचा पारा तिशी ओलांडतो. दाणा भरताना गरमी असली की मोहरीत तेल घटतं आणि प्रथिनं वाढतात. मग मला दिसतोय तो संबंध आनुवंशिक म्हणायचा का? उद्या कुणी माझा तक्ता बघून तेलासाठी चांगले पिकणारे वाण बाद केले तर मला ते फार लागेल.

अजून एक. सहसंबंध 60 प्लॉटवर काढू की 20 वाणांच्या सरासरींवर? आणि पाथ अनॅलिसिसमध्ये (कुठला गुण उत्पन्नावर थेट किती आणि इतर गुणांमार्फत किती परिणाम करतो, याची फोड) हेक्टरी तेल घेऊ का?

प्रतिसाद:

ताई, शंका अगदी रास्त आहे. जनुकीय सहसंबंध (वाणांच्या आनुवंशिक फरकांपुरता संबंध) काढलात तरी ऊन वेगळं पडणार नाही, कारण तुमच्या शेतात ऊन वाणाच्या फुलोऱ्याला चिकटूनच आलंय. फुलोऱ्याचे दिवस स्थिर धरून आंशिक सहसंबंध काढा, काही अंशी उलगडा होईल. खरा निवाडा पुढच्या रब्बीत: पेरणीच्या दोन-तीन तारखा ठेवा, आणि एकाच आठवड्यात उमललेल्या फुलांना दोरा बांधून फक्त त्याच शेंगांचं तेल तपासा.

वाणांबद्दल बोलायचं तर 20 सरासरीच घ्या. सहसंबंध निव्वळ योगायोग नाही असं 5 टक्के पातळीला म्हणायला तो किमान 0.444 लागेल, अधिक असो वा उणे. 60 प्लॉट धरलेत तर 0.254 लाच तारा (म्हणजे लक्षणीय असल्याची खूण) लागतो, आणि तिथेच फसगत होते, कारण एकाच वाणाचे 3 प्लॉट 3 वेगळे वाण असल्यासारखे मोजले जातात.

हेक्टरी तेल पाथमध्ये नको. तो उत्पन्न आणि टक्क्यांचा गुणाकार आहे, उत्पन्नाशी जुळणारच.

धागाकर्ती:

दोरा बांधायचं सुचलंच नव्हतं, मनापासून आभार दादा. आंशिक सहसंबंध आज रात्रीच काढते आणि तक्ता इथे टाकते.