पायी नर्मदा परिक्रमा: स्लीपिंग बॅग न्यावी का?

टेकडीची वाट (कोथरूड)
नमस्कार. कार्तिकी एकादशी झाली की मी आणि माझी नणंद ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलतोय. माझं वय 57, त्यांचं 61. दोन महिने सॅक भरून रोज वेताळ टेकडी आणि रविवारी पर्वती करतोय. सॅक सात किलोची होती तोवर पर्वतीच्या 103 पायऱ्या गप्पा मारत चढायचो. परवा त्यात मुलाची हिमालयातल्या ट्रेकची स्लीपिंग बॅग घातली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती 1 किलो 700 ग्रॅम भरली, आणि उतरताना माझा डावा गुडघा बोलायला लागला.

मुलगा म्हणतो, थंडीशी खेळू नकोस, बॅग ने. सासूबाई म्हणतात, मैया सगळं देते, आश्रमात पांघरूण मिळतंच, एवढा संसार पाठीवर घेऊन कोणी परिक्रमा करतं का? मला दोघांचंही पटतं. ज्यांनी स्वतः पायी केली आहे त्यांनी कृपया सांगा, बॅगेवाचून भागतं का?

राजगडवारी
परिक्रमा केलेली नाही, ट्रेक वीस वर्षं करतोय, त्यामुळे फक्त बॅगेबद्दल बोलतो. लेबलवर कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम असे तापमानाचे तीन आकडे असतात. तुम्ही कम्फर्टच बघा, तो बाईमाणसाच्या हिशेबाने काढलेला असतो. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल, झोप लागणार नाही. मुलाची बॅग तुमच्या कामाला जड आहे. पिसांची हलकी असते, पण ओली झाली की फुगत नाही आणि ऊब जाते. नदीकाठच्या दवात सिंथेटिकच बरी. आणि खाली फोमची मॅट हवीच. अंगाखाली बॅग दबते, तिथे हवा राहत नाही, मग जमीन सगळी ऊब ओढून घेते.

रेवातीर
ताई, नर्मदे हर. मी दोन वर्षांपूर्वी पायी केली, 141 दिवस लागले. बॅग नेली नव्हती.

आधी दिवसांचा हिशेब करा. नदी 1312 किलोमीटर, दोन्ही काठ मिळून 2600 च्या वर. रोज 20 चाललात तरी 130 दिवस. म्हणजे शूलपाणीच्या झाडीत थंडीची सुरुवात, होडीने समुद्र पार करून उत्तर तटावर लागलात की ती वाढत जाणार, जानेवारी नेमावर ते जबलपूर या पट्ट्यात, आणि फेब्रुवारीत अमरकंटक, ते हजार मीटरच्या वर आहे. मला सगळ्यात जास्त बाधलं ते जानेवारीतलं दव. पहाटे उशाची पिशवीसुद्धा ओली लागायची.

नेमावरच्या पुढे एका आश्रमात आम्ही चाळीसेक परिक्रमावासी होतो. पत्र्याची शेड, तीन बाजूंनी उघडी. सेवेकरी मुलगा कांबळी वाटत आला आणि माझ्यापाशी पोचायच्या आत गठ्ठा संपला. मी शाल, स्वेटर, वरून रेनकोट असं सगळं चढवून आडवी झाले. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली ती ऊब लागली म्हणून. अंगावर काळं कांबळं होतं, एका कडेला लाल दोऱ्याचे टाके घातलेलं. शेजारी आसन लावलेले सत्तरीचे बाबा धुनीपाशी बसले होते, अंगात सदरा आणि डोक्याला उपरणं, बस. मी परत द्यायला गेले तर "सो जाइए माताजी" एवढंच म्हणाले. मला पुढे झोप आली नाही.

सासूबाईंना सांगा, मैया देते हे अगदी खरं आहे, मला रोज मिळालं. पण त्या रात्री जे मिळालं ते एका म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचं होतं. सदावर्त घ्या, छप्पर घ्या. पांघरूण मात्र आपलं न्या. किलोच्या आतली बॅग घ्या, अमरकंटकानंतर दक्षिण तटावर उतरलात की पहिल्या मोठ्या गावातून पोस्टाने घरी पाठवून द्या. मार्चमध्ये तिचं ओझंच होईल.

सुईदोरा (सदाशिव पेठ)
मी गोधड्या शिवते, तरी सांगते, गोधडी नेऊ नका. जड होते आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. त्यापेक्षा बॅगेच्या आत घालायला खोळ शिवा. जुनी सुती साडी घ्या, साडेचार मीटर कापड मधोमध दुमडा, दोन्ही कडा शिवा, वरचं तोंड उघडं. एका कडेची शिवण वरून दीड फूट सोडून द्या, म्हणजे आत शिरता येतं. बॅग मळत नाही, खोळ हापशावर धुतली की सॅकवर टाकून चालता चालता वाळते. उन्हाळ्यात नुसती तीच पांघरा.

टेकडीची वाट
सगळ्यांचे मनापासून आभार. रेवातीरताईंचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी कपाट उघडून त्यांनी स्वतःची जुनी सुती इरकल काढून दिली, पदर तेवढा कापून ठेवून घेतला. काल 900 ग्रॅमची बॅग आणली. तिसरा ड्रेस आणि स्टीलचे डबे काढले, सॅक साडेसात किलोवर आली. आज पर्वती उतरताना गुडघा गप्प होता. एकच विचारायचं राहिलं, दवाने दमटलेली बॅग वाळवायची कधी?

रेवातीर
दुपारी, भोजनप्रसादाला थांबाल तेव्हा. उलटी करून उन्हात टाका, अर्धा तास पुरतो. दमट बॅग कोंबून ठेवू नका, वास धरते.