‘फ्रीडम ऑफ पॅनोरमा’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो तिच्या वास्तुरचनाकाराला न विचारता काढायची आणि छापायची सवलत अनेक देशांचे कायदे देतात. तिच्यासाठी ‘विहंगम-स्वातंत्र्य’ असा शब्द वाचला. बरोबर आहे का?

उत्तर : नको हो! विहंग म्हणजे पक्षी. इथे तर सगळी मेख पाय रस्त्यावर असण्यात आहे. मूळ जर्मन शब्द ‘पानोरामाफ्रायहाइट’. त्याला ‘श्ट्रासनबिल्डफ्रायहाइट’ असंही म्हणतात, म्हणजे रस्त्यावरून जे दिसतं त्याची मोकळीक. व्हिएन्नातल्या हुंडर्टवासर हाउसचा एक फोटो समोरच्या इमारतीतल्या खासगी घरातून काढला होता. तो या सवलतीत बसत नाही, असं जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००३ मध्ये ठरवलं. वास्तू तीच, फक्त कॅमेरा वरच्या मजल्यावर गेला.

दुसरं उत्तर : मला ‘स्वातंत्र्य’च खटकतं. प्रताधिकार (कॉपीराइट) शाबूत असतो, कायदा त्यातून एक वाट सोडतो इतकंच. म्हणून ‘मुभा’. (‘स्वामित्वहक्क’ मुद्दाम टाळतोय. तो वाचला की लोकांना घरमालक आठवतो. इथे हक्क रचनाकाराचा असतो.) शिवाय ही मुभा देशागणिक बदलते. अमेरिकेत इमारतीचा फोटो चालतो, पुढ्यातल्या शिल्पाचा नाही. वॉशिंग्टनच्या कोरिया युद्धस्मारकातले सैनिकांचे पुतळे टपाल तिकिटावर छापले, तेव्हा शिल्पकाराने दावा लावला आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. फ्रान्सने २०१६ मध्ये मुभा दिली, तीही व्यक्तींना आणि बिगरव्यापारी वापरापुरती. आयफेल टॉवरची गंमत तर माहीत असेलच : आयफेल १९२३ मध्ये वारले, प्रताधिकाराची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे दिवसाचा टॉवर मोकळा; रात्रीची रोषणाई १९८५ची, तिच्यावर अजून हक्क सांगितला जातो.

पहिल्यांचं उत्तर : ‘मुभा’ पटलं. पण नुसतं ‘चित्रणमुभा’ म्हटलं तर शूटिंगचा परवाना वाटेल. ‘दर्शनी चित्रणमुभा’ कसं? ‘दर्शनी भाग’ सगळ्यांच्या तोंडात आहे.

दुसऱ्यांचं उत्तर : कायद्याच्या पुस्तकात शोभेल. बातमीत मात्र मी ‘रस्त्यावरून दिसणाऱ्या वास्तूंचे फोटो वापरायची मुभा’ असंच लिहीन. लांबलचक आहे खरं, पण वाचणारा अडणार नाही.