श्रीलंकेचे पर्यटक ३८ टक्के वाढले म्हणजे मे मध्ये रूम मिळणारच नाहीत का?

पाचपाखाडीकर:
नमस्कार मंडळी. ठाण्यात आम्ही दोघं भाऊ छोट्या ग्रुप टूर्स काढतो, बहुतेक सोसायटीतली आणि ओळखीतली कुटुंबं असतात. यंदा, म्हणजे २०२५ ला, मे च्या सुट्टीत पहिल्यांदाच श्रीलंका करायचा विचार आहे, १८-२० माणसं होतील. तिकडचा एक एजंट म्हणतोय की २०२४ ला पर्यटक ३८ टक्के वाढलेत, बेंटोटा आणि कँडीच्या रूमचे पूर्ण पैसे आत्ताच भरा नाहीतर मे मध्ये काही हाताला लागणार नाही. लोकांचे पैसे आहेत म्हणून आधी विचारतोय. मी शोधलं तर आकडे असे दिसले, २०१८ ला २३.३ लाख, २०१९ ला १९.१, २०२० ला ५ लाख, २०२१ ला दोन लाखांच्याही आत, २०२२ ला ७.२, २०२३ ला १४.९ आणि २०२४ ला २०.५ लाख. इतके वरखाली होणारे आकडे वाचायचे तरी कसे? आणि ३८ टक्के खरं असेल तर गर्दीही खरीच ना?

ऐरोली_सेक्टर८:
दादा, ३८ टक्के खरं आहे. २०२३ ला १४,८७,३०३ आणि २०२४ ला २०,५३,४६५, भागाकार करून बघा. पण ते २०२३ शी तुलना करून आलेलं आहे आणि २०२३ हे आजारातून उठलेलं वर्ष होतं. २०२३ चा आकडा तर २०२२ च्या दुपटीपेक्षा जास्त होता, कारण २०२२ ला तिकडे डॉलर संपले, पेट्रोलला मैलभर रांगा, जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. मार्च २०२२ ला लाखाच्या वर लोक आले होते आणि मे ला तीस हजारांच्या आसपास. अशा वर्षाशी तुलना केली की कुठलाही आकडा मोठाच दिसणार.

म्हणून मोजायचं असेल तर २०१८ धरा, २३,३३,७९६. त्याच्या मानाने २०२४ अजून १२ टक्के खालीच आहे. म्हणजे ज्या बेटाने २३ लाख लोक सांभाळले तिथे २० लाखांना रूम कमी पडतील हे मला तरी पटत नाही.

अजून एक, २०१९ फक्त १८ टक्के कमी दिसतं म्हणून ते वर्ष बरं गेलं असं समजू नका. २१ एप्रिलला ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले, अडीचशेच्या वर माणसं गेली, त्याआधीचे तीन महिने दर महिन्याला अडीच लाखांच्या आसपास लोक येत होते. मे मध्ये ३७,८०२ आले. आदल्या वर्षीच्या मे मध्ये १,२९,४६६ होते. वर्षाच्या बेरजेत तो खड्डा बुजून जातो. आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की डिसेंबर २०१९ पर्यंत आकडा परत २.४ लाखांवर आला होता, म्हणजे आठ महिन्यात लोक परत यायला लागले होते, आणि मग मार्च २०२० ला करोनामुळे विमानतळच बंद. ते पुढच्या जानेवारीत उघडलं. तिथल्या हॉटेलवाल्यांनी, रिक्षावाल्यांनी, गाइड लोकांनी एकामागून एक काय काय सोसलं असेल याचा विचार केला की जीव कळवळतो, त्यामुळे टूर कराच, फक्त घाईने पैसे अडकवू नका.

वाशी_खाडीपूल:
मी वाशीत तिकिटिंगचं काम करतो, बरीच वर्षं झाली. ऐरोली ताईंनी वर्षाचं बरोबर सांगितलं पण दादा तुम्हाला वर्षाचा आकडा लागतच नाही, तुम्हाला मे चा लागतो. श्रीलंका टुरिझमच्या साइटवर दर महिन्याचा रिपोर्ट येतो, फुकट आहे, तो उघडा. २०२४ चा फेब्रुवारी २,१८,३५०, मे १,१२,१२८, जून १,१३,४७०, जुलैला परत १,८७,८१० आणि डिसेंबर २,४८,५९२. म्हणजे मे हा त्या वर्षातला सगळ्यात रिकामा महिना. आपल्या शाळांची सुट्टी आणि त्यांचा ऑफ सीझन एकदम येतो, त्यामुळे भाव करायची संधी तुमची आहे, एजंटची नाही. १०-२० टक्के टोकन द्या, कॅन्सलेशनच्या अटी लेखी घ्या, बाकी पैसे जायच्या आधी.

पण मे रिकामा का असतो तेही बघा. नैऋत्य मान्सून आपल्याकडे यायच्या आधी तिकडे पोचतो आणि पश्चिम आणि दक्षिण किनारा, म्हणजे बेंटोटा, हिक्काडुवा, मिरिसा, हे सगळं खवळलेलं असतं. मिरिसाच्या व्हेल बोटींचा सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, मे मध्ये ते कुणाला प्रॉमिस करू नका. सोबत लहान मुलं असतील तर बेंटोटाच्या समुद्रात उतरवायचा तर विचारही नको. त्याऐवजी पूर्वेला त्रिंकोमाली धरा, तिकडचा सीझनच एप्रिल ते सप्टेंबर, पाणी शांत असतं. सिगिरिया, म्हणजे तो खडकावरचा जुना किल्ला, करून तिकडे जाता येतं, वाटेतच पडल्यासारखं आहे. डोंगरातली कँडी आणि नुवारा एलिया पावसाची तयारी ठेवून करा.

पाचपाखाडीकर:
खूप आभार दोघांचे, त्रिंकोमालीचं डोक्यातच नव्हतं. एक शंका, लोक २०१८ पेक्षा कमी असतील तर मग रेट कमी व्हायला पाहिजेत ना? एजंट म्हणतो रशियन आणि भारतीय लोकांनीच सगळं भरलंय.

माजिवडा_नाका:
भारतीयांचं म्हणाल तर एजंट पूर्ण चुकीचं बोलत नाहीये. २०१८ ला आपले ४.२५ लाख गेले होते, २०२४ ला ४.१७ लाख, म्हणजे आपण जवळपास पूर्ण परत आलो. रशियन ६४ हजारांवरून दोन लाखांवर गेलेत. पण चिनी २.६६ लाख होते ते १.३२ वर आलेत, ब्रिटिश पण २.५ वरून १.८ च्या खाली. तर घर तेच पण पाहुणे बदललेत. आणि रशियन येतात ते त्यांच्या हिवाळ्यात, त्यामुळे मे मध्ये त्यांच्याशी तुमची स्पर्धा नाही.

पैशाचं बघायचं तर कमाई वेगळी काढतात, ते आकडे त्यांच्या सेंट्रल बँकेचे. २०१८ ला ४.३८ अब्ज डॉलर आले, २०२४ ला ३.१७. माणसं १२ टक्के कमी पण पैसे २८ टक्के कमी, म्हणजे डोई साधारण १८७५ डॉलरवरून १५५० च्या आत आलं. मला वाटतं एक कारण मुक्कामाचं आहे, २०१८ ला सरासरी १०.८ रात्री राहायचे, २०२३ ला साडेआठच्या आसपास. त्यामुळे तुम्ही १८ माणसं घेऊन सहा-सात रात्री राहणार असाल तर हॉटेलवाल्यासाठी चांगलं गिऱ्हाईक आहात, हे मनात ठेवून बोला. थेट हॉटेलला मेल टाका, एजंटच्या रेटशी ताडून बघा.

वाशी_खाडीपूल:
एक राहिलं. हे सगळे आकडे बाहेरच्या देशातून येणाऱ्यांचे आहेत, तिथली स्थानिक माणसं यात धरलेलीच नाहीत. मे च्या पौर्णिमेला त्यांचा वेसाक असतो, म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा, २०२५ ला १२ मे ला आहे. त्या दोन-तीन दिवसात कोलंबो, कँडी, अनुराधापुरा सगळीकडे कंदील बघायला आणि देवळात जायला तिथलेच लोक कुटुंबासकट निघतात, त्यामुळे रूम आणि गाड्याही मिळायला त्रास होतो. पौर्णिमेला दारू विक्री बंद असते, वेसाकला मटणाची दुकानंही बंद, ग्रुपला आधी सांगून ठेवा. तारखा तेव्हाच्या पडत असतील तर कँडीच्या तेवढ्या दोन रात्री मात्र आत्ताच पक्क्या करा, बाकीचं एप्रिलच्या सुरुवातीला केलंत तरी चालेल.

पाचपाखाडीकर:
१० तारखेचं विमान बघत होतो. आज भावाशी बोलून १७ चं बघतो, आणि त्रिंकोमालीत शाकाहारी जेवणाची सोय असलेलं हॉटेल कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा, ग्रुपमधले निम्मे लोक जैन आहेत.